डाव्या मागच्या पायाची वाघीण

१ जानेवारी २००९, गुरुवार

बँकेची डायरी मिळाली. दरवर्षी आमची ही तिच्यात रांगोळ्या काढून ठेवते, म्हणून यंदा पहिल्या पानावर आधीच नाव टाकलं : धनराज, सीनियर गाईड, दाभेरी गेट. 'सीनियर' मीच लावलं. पंधरा वर्षांनंतर माणसाने कोणाला विचारत बसू नये.

मोठी बातमी. रेंजर साहेब १ मार्चला मुख्य गाईड नेमणार. पितळी बिल्ला, गेटवर वेगळी खुर्ची, आणि पर्यटकांच्या कोणत्या जिप्सीगाडीत कोणता गाईड बसेल हे तोच ठरवणार. आम्ही नऊ गाईड. बाकीच्या आठ जणांचं आत्तापासून वाईट वाटतं.

संकल्प : रोज एक पक्षी पाठ करणे. कॉम्प्युटर शिकणे (वरवर). बिरजूशी गोडीने वागणे, कारण मार्चपासून तो माझ्या हाताखाली येईल. बिरजूही गाईडच, पण कोसमटोल्याचा, म्हणजे जंगलातल्याच गावचा. त्याला जंगल माहीत आहे, पण माहिती नाही. त्या माणसाला इंग्रजीत टायगरचं स्पेलिंग येत नाही.

आजपर्यंत दाखवलेले वाघ : २१४.

४ जानेवारी, रविवार

नागपूरचा एक इंजिनीअर, बायको आणि एक चपटं यंत्र. जीपीएस म्हणतात त्याला. आकाशातून उपग्रह सांगतो म्हणे तुम्ही कुठे आहात. मी जिप्सीत त्याच्या शेजारी बसलो होतो, मला विचारलं असतं तरी चाललं असतं.

मी नेहमीप्रमाणे पहिला फेरा झाला की म्हणालो, आता आपण घनदाट जंगलात शिरत आहोत. दुसऱ्या फेऱ्याला म्हणालो, इथे सहसा कोणाला आणत नाहीत. तर त्या गृहस्थाने यंत्र बघून सांगितलं की आपण याच तळ्याला तिसऱ्यांदा वळसा घालतोय. ड्रायव्हर सलमान पुढे बसून खांदे हलवून हसत होता. त्याची नोंद ठेवली आहे.

मी शांतपणे समजावलं की उपग्रह फार वर असतो, त्याला सगळी तळी सारखीच दिसतात. गृहस्थांनी यंत्र खिशात घातलं. पटलं असणार.

९ जानेवारी, शुक्रवार

स्वाती नावाची पोरगी आली आहे. पुण्याहून. वाघ मोजणार आहे. वय सव्वीस, वजन वाघाच्या जेवणाएवढं. सोबत चाळीस कॅमेरे, हिरवे डबे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना समोरासमोर बांधायचे. मधून जनावर गेलं की दोन्हीकडून फोटो. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्यावरून कॉम्प्युटर सांगणार हा कोण.

माझ्या वेळची गणना अशी नव्हती. ९३ साली मी रोजंदारीवर होतो. वाघाचं पाऊल शोधायचं, काच ठेवून आकृती काढायची, पाण्यात प्लास्टर कालवून ओतायचं. फक्त डावा मागचा पाय घ्यायचा, असा नियमच होता. वाळलं की वाघाचा पंजा हातात. त्यातला एक पंजा माझ्याकडे राहिला. चोरला नाही, राहिला.

स्वातीला हे सगळं सांगितलं. ती वहीत लिहून घेत होती. नंतर पाहिलं तर ती बॅटऱ्यांचे नंबर लिहीत होती.

१३ जानेवारी, मंगळवार. गेटला सुट्टी.

घरी आपत्ती. प्लास्टरचा तो पंजा ही स्वयंपाकघरात दुधाच्या झाकणावर ठेवते, मांजर येऊ नये म्हणून. पंधरा वर्षं सांगतोय की ती वैज्ञानिक वस्तू आहे. काल रात्री मांजराने दुधासकट वैज्ञानिक वस्तू खाली पाडली. तळव्याचे दोन तुकडे, एका बोटाचा टवका उडाला. ही म्हणाली, "दूध गेलं त्याचं काई नाई, तुमाले त्या दगडाचं पडलं!"

दिवसभर बसून जोडला. मधून एक भेग राहिली.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण डायरी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. पाहुणा चारशे किलोमीटरवरून येतो. वाघ काही पगारी नोकर नाही, रोज हजर राहायला. मग पाहुण्याने काय रिकाम्या हाताने जायचं? म्हणून मी गेट उघडायच्या तासभर आधी जातो, नाल्याच्या वळणावर जिथे मऊ धूळ आहे तिथे पंजा हलकेच दाबतो. पाच-सहा पावलं. गेटवरच्या चौकीदाराला वाटतं मी रस्त्यावरच्या फांद्या बाजूला करायला जातो. त्याही करतो.

यात फसवणूक नाही. जंगलात वाघ आहे, सरकारी पुस्तकात लिहिलं आहे. मी फक्त त्याची आठवण करून देतो. वाघ दिसणं आणि वाघाचं पाऊल दिसणं यात फरक फक्त पावलाच्या वरच्या भागाचा. माझ्या २१४ मध्ये पावलं धरली आहेत, हे ओघाने आलंच.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत झाली, आज कामाला लागलो. तोच नागपूरचा इंजिनीअर पुन्हा आला. या वेळी डिजिटल कॅमेरा. पावलाचा फोटो काढला, मागच्या पडद्यावर मोठा केला, आणखी मोठा केला आणि विचारलं की तळव्यात ही रेघ कसली. पूर्वी रोल धुऊन येईपर्यंत पाहुणा घरी पोचलेला असायचा. आता तिथल्या तिथे चौकशी सुरू होते.

पण माझी बुद्धी अशा वेळीच चालते. म्हणालो, ही जखमी वाघीण आहे. रानडुकराशी झटापट झाली. मी तिला पिल्लू असल्यापासून ओळखतो. इंजिनीअरच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने नाव विचारलं. मी म्हणालो, राणीसाहेब.

सलमानने गाडी बंद पाडली.

वाघ : २१७.

२२ जानेवारी, गुरुवार

प्रसिद्धी! मूल गावात मुबीनच्या दुकानात गेलो होतो. अर्ध्या भागात फोटो स्टुडिओ, अर्ध्या भागात सायबर कॅफे. त्याने कॉम्प्युटरवर दाखवलं, इंजिनीअरने इंटरनेटवर लेख टाकला आहे. 'दाभेरीची लंगडी राणी आणि तिचा माणूस'. खाली माझा फोटो, टोपीसकट. खाली एकोणतीस जणांनी हळहळ लिहिली आहे. एक तर अमेरिकेतला.

मुबीन म्हणाला, "धनराजभाऊ, तुमी तं जगात पोचले. ईमेल काढून घ्या." काढला. पासवर्ड गुप्त ठेवायचा असतो म्हणून कुठे लिहिला नाही. घरी येईपर्यंत विसरलो. यंत्राची हीच तर लायकी आहे, मालकालाच आत घेत नाही.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन. नंतर जिप्सीत सहा जण, सगळे राणीसाहेबांसाठी आलेले. एकाकडे बोटाएवढं यंत्र, त्यात हजार पक्ष्यांचे आवाज. झाडीत काहीतरी ओरडलं. मी म्हणालो सुतार. यंत्र म्हणालं तांबट. मी म्हणालो इकडचा सुतार असाच ओरडतो. तेवढ्यात तांबट फांदीवर येऊन बसला. पक्ष्यांना वेळेचं भान नसतं.

पक्षी पाठ करण्याचा संकल्प थंडी संपल्यावर.

३ फेब्रुवारी, मंगळवार

बिरजू घरी आला. हिने चहा दिला, वर बिस्किटंही दिली. माझ्या मित्रांना ही कधी बिस्किटं देत नाही.

त्याने बशीत चहा ओतला आणि बराच वेळ फुंकत बसला. मग म्हणाला, "भाऊ, तुमची वाघीण एकाच पायानं चालते का? सारेच पाय डावे, सारेच मांगचे. मले तं चार पायाचा वाघ मालूम आहे."

मी म्हणालो, जखमी आहे, जोर एकाच पायावर देते. बिरजू म्हणाला, "मंग उड्या मारत जात असन." ही आतून हसली. बायकोने भिंतीआडून हसावं, हे कोणत्या धर्मात बसतं?

बिरजूचा उद्देश उघड आहे. बिल्ला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

गोष्टी जरा लांबत चालल्या आहेत. स्वातीने तो इंटरनेटवरचा लेख वाचला. महिनाभर तिच्या कॅमेऱ्यांत तीन वाघ आले, तिघांचे पाय धडधाकट. राणीसाहेब एकदाही नाहीत. शहाणी मुलगी असती तर म्हणाली असती, कॅमेरे कुचकामी. ही पोरगी गेली साहेबांकडे. म्हणाली, जखमी वाघीण आहे, शिकार जमत नसेल, गावाकडे वळेल, माणसाला धोका.

साहेबांनी नागपूरहून डॉक्टर बोलावले. बेशुद्ध करायची बंदूक, पिंजरा, सगळं. आणि कोसमटोल्याला दवंडी दिली : पुढचा हुकूम होईपर्यंत कोणीही जंगलात पाऊल टाकायचं नाही.

साहेबांनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं, धनराज, तिला ओळखणारा तू एकटा, मदत कर. एवढ्या लोकांसमोर. मी मान हलवली. आता मागे फिरणं म्हणजे साहेबांचा अपमान.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

कोसमटोल्यात गेलो होतो, डॉक्टरांना वाट दाखवायला. वाट सलमानने दाखवली.

बिरजूची आई सुकरी अंगणात रिकामी टोपली घेऊन बसली होती. यंदा मोह लवकर गळायला लागला आहे. फुलं पहाटे पडतात, उन्हं चढायच्या आत वेचली नाहीत तर डुकरं आणि हरणं खातात. वर्षातले हेच वीस-पंचवीस दिवस कमाईचे. म्हातारी मला म्हणाली, "गाईडभाऊ, तुमची वाघीण कवा बरी होते जी? मोह तं थांबत नाई."

मी म्हणालो, होईल लवकर.

रात्री जेवण गेलं नाही. वांग्याची भाजी खारट होती.

ठरवलं. आणखी एकदाच पावलं उमटवायची, ती जंगलातून बाहेर जाताना. थेट हद्दीच्या दिशेने. राणीसाहेब दुसऱ्या जंगलात निघून गेल्या, प्रकरण मिटलं, म्हातारीला मोह मिळाला, मला बिल्ला मिळाला. सगळ्यांचं भलं करणारी योजना सुचायला डोकं लागतं, बॅटरी नाही.

एकच अडचण. नाल्याच्या वळणावर त्या पोरीने नवीन दोन डबे बांधले आहेत, कारण पावलं नेहमी तिथेच दिसतात. मी सहज विचारलं होतं की वाघ आला हे डब्याला कसं कळतं. ती म्हणाली, अंगाची उष्णता आणि हालचाल. म्हणजे उपाय सोपा आहे. माकडटोपी, मफलर, दोन स्वेटर आणि वरून हिची शाल. उष्णता बाहेर पडलीच नाही तर डबा काय करणार?

१८ फेब्रुवारी, बुधवार

फत्ते. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी पोचलो. घामाघूम झालो, म्हणजे सगळी उष्णता आतच राहिली. अकरा पावलं, एका रांगेत, हद्दीकडे. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम काम. उकिडवा बसलो असताना डब्यावर लाल दिवा मिणमिणला. बॅटरी संपत आली असणार. सरकारी माल.

परत येताना मागे झाडीत काहीतरी खसखसलं. रानकोंबडी. मी मागे वळून पाहिलं नाही. अनुभवी माणसाला पाहावं लागत नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काल महाशिवरात्र, सगळे मार्कंड्याच्या जत्रेला. गेट थंड.

साहेबांनी कोसमटोल्यावरची बंदी उठवली. माझी योजना यशस्वी. पण डॉक्टर गेले ते माझ्याशी न बोलता, आणि स्वाती मला पाहिलं की ओठ चावते. बहुतेक तिला माफी मागायची आहे, धीर होत नाही. मागितली तर मी माफ करीन. मोठ्या मनाने.

भाषण तयार केलं. 'हा बिल्ला माझा नसून या जंगलाचा आहे.' आरशासमोर चार वेळा म्हटलं. हिने विचारलं, "बिल्ला भेटला का?" म्हणालो, भेटल्यासारखाच.

१ मार्च, रविवार. सकाळी सहा.

इस्त्रीचा शर्ट. केसांना तेल. हिला सांगितलं, आज गोड कर.

त्याच दिवशी, दुपार

स्वातीने पांढरा पडदा लावला. कॉम्प्युटरवरून फोटो. गाईड, ड्रायव्हर, फॉरेस्टगार्ड, कोसमटोल्याचे लोक, सुकरीसुद्धा, सगळे सतरंजीवर. मी पहिल्या रांगेत, बिल्ला घ्यायला उठून लवकर जाता यावं म्हणून.

अस्वल आलं, सायाळ आली, पहिला वाघ आला. टाळ्या. मग तिने सांगितलं की पुढचे फोटो १८ फेब्रुवारीचे आहेत, नाल्याच्या वळणाचे.

पाच वाजून बारा मिनिटं. पडद्यावर मी. उजवीकडून. मग मी डावीकडून. माकडटोपी, हिची फुलाफुलांची शाल, उकिडवा, हातात पंजा. सगळं स्वच्छ दिसत होतं. पंजाची भेगसुद्धा.

कोणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सुकरीबाईने शेजारणीला विचारलं, हा कोण म्हणून. शेजारणीने माझ्याकडे बोट दाखवलं.

मग पुढचा फोटो. पाच वाजून एकोणीस मिनिटं. वाघ. पूर्ण वाढलेला नर, चारही पाय शाबूत. माझ्यानंतर सात मिनिटांनी. नाक माझ्या पावलाला लावलेलं. त्याच्या पुढच्या फोटोत त्याने तोंड फिरवलं होतं, शेपटी वर केली होती आणि माझ्या अकरा पावलांवर मुतत होता.

तेव्हा हसले. साहेब हसले, चौकीदार हसला, सलमान सतरंजीवर आडवा झाला. बिरजू एकटा हसला नाही. तो वाघाकडे बघत होता.

मुख्य गाईड बिरजू. मी या हंगामात गाडीवर बसायचं नाही. साहेब म्हणाले, पोलिसात द्यायला हवं होतं, पण बिरजू आडवा आला. त्याने सांगितलं, "म्हातारा माणूस आहे साहेब, वाघानं सोडला, तुमीबी सोडा."

मी एक्कावन्नचा आहे. म्हातारा!

२ मार्च, सोमवार

घरी पडून. शिरा कालचा उरला होता, खाल्ला.

लिहितो. पंधरा वर्षांत मी वाघ पाहिलेला नाही. एकही नाही. २१४ नाही, २१७ नाही. ९३ च्या गणनेतही पावलंच पाहिली. एकदा पिवळं काहीतरी दिसलं होतं, ती कोणाच्या तरी लुगड्याची घडी होती, वाळत घातलेली. हे लिहिलं आहे, खोडणार नाही.

जो एकुलता एक वाघ माझ्याजवळ आला, तो माझ्या मागून आला. मी म्हणालो रानकोंबडी.

५ मार्च, गुरुवार

पहाटे कोसमटोल्याला गेलो. सुकरीबाईसोबत मोह वेचला. तिने बोलावलं नव्हतं, हाकललंही नाही. कंबर धरली. माझ्या टोपलीत पालाच जास्त निघाला, तिने तो मुकाट्याने निवडून काढला. निघताना म्हणाली, "उद्या शाल नोका आणू जी, फुलं चिपकते."

वाटेत चार वेळा मागे वळून पाहिलं.

१२ मार्च, गुरुवार. काल धुळवड झाली.

स्वातीकडे गेलो. विचार करून एक विनंती केली : माझा फोटो आणि वाघाचा फोटो द्या, आठवण म्हणून. मुलगी तशी वाईट नाही. दोन्ही एका सीडीवर टाकून दिले. शेपटीवाला मागितला नव्हता, तोही टाकला.

मूलला मुबीनकडे गेलो. त्याने दोन्ही फोटो बारकाईने पाहिले. जागा तीच, झाड तेच, कॅमेरा तोच, मध्ये फक्त सात मिनिटं. म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये ही सात मिनिटं काढून टाकता येतात. मी पुढे उकिडवा, मागे चार हात अंतरावर वाघ. मी म्हणालो, हे खोटं होईल. मुबीन म्हणाला, "खोटं कसं भाऊ? दोघंबी होतेच नं तिथी."

बरोबर आहे. तसा मी कॉम्प्युटरच्या विरोधात कधीच नव्हतो. पंजा तेवढा हातातून पुसायला सांगितला.

१५ मार्च, रविवार. संध्याकाळ.

फोटो फ्रेम करून आणला. बैठकीत, दारातून येणाऱ्याला समोरच दिसेल असा लावला. खाली चिठ्ठी : धनराज, सीनियर गाईड, आणि वाघ. दाभेरी, २००९. पंजा परत दुधाच्या झाकणावर गेला आहे.

हिला हात धरून आणलं. काही बोललो नाही, फक्त बाजूला उभा राहिलो. हिने पदराला हात पुसले, चष्मा लावला, जवळ गेली, मागे आली, परत जवळ गेली. मग म्हणाली, "वाघ तं खरा वाटते. तुमीच चिपकवल्यासारखे दिसून राह्यले."